खालचे दोनच का जळतात?

"काका, जळतात ते खालचे दोनच. वरच्यांना आजवर काही झालं नाही." टेम्पोतून चार बारा-इंची स्पीकरांचं गिटार कॅबिनेट उतरवता उतरवता पोरगा सांगत होता. दीड वर्षात ही तिसरी खेप. खाली ओल धरते, असं त्याचं मत. बँडमधल्या दुसऱ्याच्या मते खोकंच पनवती. अँप व्हॉल्व्हवाला, १०० वॅटचा. स्पीकर २५ वॅटचे चार. म्हणजे हिशेब आधीच काठोकाठ.

मागची फळी काढली. वायरिंग अगदी नीट होतं: वरचे दोन सिरीजमध्ये, खालचे दोन सिरीजमध्ये आणि या दोन जोड्या पॅरलल. १६ ओहमचे चार असे जोडले की जॅकवर १६च मिळतात. चारही मॅग्नेटवर लेबल १६चं.

सुट्या स्पीकरला मीटर लावला. वरचे दोन्ही १३. ते ठीकच, मीटरवर लेबलापेक्षा थोडं कमीच दिसतं. खालचा डावा ओपन, म्हणजे आतली तार तुटलेली, जळक्या लाखेचा वास. उजवा ६.४.

६.४ म्हणजे ८ ओहमचा! "रिकोन कुठे केलेस रे?" रिकोन म्हणजे कोन (पुढचा कागदी पडदा) आणि त्याला चिकटलेली तारेची कॉइल नवी भरणं. डीजेवाल्यांचे स्पीकर भरणारा एक जण होता. फोन लावला. "आठचीच असते ना कॉइल! दोन्हीला तीच टाकलीय." त्याचंही खरं, त्याच्याकडे येणारा माल सगळा ८चाच. कोन नवा, कॉइल नवी, लेबल मात्र जुनंच.

मग बिलाच्या पाठीवर पोराला आकडे मांडून दाखवले. पहिल्यांदा डावा कशाने गेला, देव जाणे. त्यात ८ची कॉइल पडली आणि त्या जोडीचे झाले २४ ओहम, वरच्या जोडीचे ३२. कमी ओहमकडे करंट जास्त. आणि जोडीत करंट एकच, त्यामुळे १६ची कॉइल ८च्या दुप्पट वॅट ओढते. १००पैकी साधारण ३८ वॅट एकट्या उजव्याच्या बोकांडी. केलं डाव्याला, गेला उजवा! त्यातही ८ची टाकल्यावर खालचे प्रत्येकी ३३ वॅट सोसायला लागले आणि वरचे १७-१७वर निवांत. अँप तेवढा १६वर लावलेला. त्याला मिळत होते पावणेअकरा.

पोरगा बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिला. "म्हणजे दुरुस्तीनेच जळत होते?"

पावणेदोन इंची, १६ ओहमची कॉइल मागितली की आमच्या बाजारात दुकानदार चेष्टा समजतो. मागवावी लागली, बारा दिवस गेले. दोन्ही भरून बसवले आणि चारही कोन एकाच दिशेला हलतात का ते बघायला जॅकवर पेन्सिल सेल टेकवला. तीन कोन बाहेर आले, एक आत गेला. टर्मिनल उलटं लागलं होतं, माझ्याच हातून. सुलट केलं. मीटरवर १३.

जुनी लेबलं खरवडून टाकली आणि मॅग्नेटवर मार्करने ठळक लिहिलं: कॉइल १६, मोजून.