तुकोबांच्या गावात

देहूला मी यापूर्वी वारीच्या निमित्ताने गेले होते. या खेपेस मात्र गर्दी नसलेला दिवस मुद्दाम निवडला, कारण ज्यांना आज सारा महाराष्ट्र मानतो, त्या तुकोबांना त्यांच्या हयातीत त्यांच्याच गावाने कसे वागवले, हा प्रश्न बरेच दिवस मनात होता.

विठ्ठल-रुक्मिणीचे दर्शन घेऊन मी मंदिराच्या आवारात बराच वेळ बसले. तुकोबांचे पूर्वज विश्वंभरबुवा यांच्यापासून या घराण्यात विठ्ठलाची सेवा होती, गावची महाजनकी होती, दुकान आणि सावकारीही होती. १६३० च्या दुष्काळाने हे सारे मोडले. पहिली पत्नी आणि मुलगा गेला, व्यापाराचे दिवाळे निघाले. तुकोबांनी स्वतःच्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडून दिली. कालपर्यंत ज्याच्याकडून धान्य घेतले, तो माणूस वेदांचा अर्थ आपल्यालाच ठाऊक असल्याचे सांगू लागला, तेव्हा शेजाऱ्यांना ते पचणे किती कठीण गेले असेल, हे त्या आवारात बसल्यावर उमगते.

परंपरा सांगते की मंबाजी गोसाव्याने त्यांना काटेरी फांद्यांनी मारले, आणि तो कीर्तनाला आला नाही म्हणून तुकोबाच त्याला बोलवायला गेले. मला त्याहून अधिक मोलाची वाटते ती बहिणाबाईंची साक्ष. तुकोबांना गुरू मानून देहूला आलेल्या या बाईंनी मंबाजीचा छळ स्वतः सोसला आणि आपल्या अभंगांत तो लिहून ठेवला. परगावाहून आलेल्या एका स्त्रीला जे दिसले, ते शेजारच्या गोसाव्याला दिसू नये, याचे मला फार वाईट वाटले.

दुपारी घाटावर उतरले. वाघोलीच्या रामेश्वर भटांच्या सांगण्यावरून अभंगांच्या वह्या याच नदीत बुडवाव्या लागल्या. त्यानंतर तुकोबा तेरा दिवस अन्नपाण्याविना ज्या शिळेवर बसले, असे मानतात, ती शिळा मंदिरात आहे. पुढे गाथामंदिरात गेले. ज्या अभंगांना पाण्यात जावे लागले, ते तेथे संगमरवरी भिंतींवर कोरलेले आहेत. वाचता वाचता मान दुखू लागली, तरी पाय निघेना.

संध्याकाळी पुन्हा मुख्य मंदिरात आले, तेव्हा माझ्या शेजारी उभ्या असलेल्या आजी ‘आरती तुकारामा’ गुणगुणत होत्या. ही आरती रामेश्वर भटांची. वह्या बुडवायला लावणारेच पुढे तुकोबांचे शिष्य झाले होते. मीही आजींच्या सुरात सूर मिसळला.