बँकॉक पाण्यावरून

बँकॉकला निघालेल्या प्रत्येकाला मी एकच आग्रह करते: हॉटेल बुक करताना मॉल किती जवळ आहे ते बघू नका, बोटीचा धक्का किती जवळ आहे ते बघा. 1782 मध्ये ‘पहिला राम’ या थाई राजाने राजधानी पलीकडच्या थोनबुरीहून चाओ फ्राया नदीच्या या काठावर आणली, तेव्हा इथली ये-जा मुख्यतः पाण्यातूनच व्हायची. चारोएन क्रुंग हा पहिला आधुनिक रस्ता झाला तो थेट 1860 च्या दशकात. पुढे कितीतरी कालवे बुजवून त्यांचे रस्ते झाले. जे उरलेत त्यांवर आजही बोटी धावतात आणि रस्त्यावर गाड्या तुंबलेल्या असताना आपण पुढे निघून जातो.

कालव्याला थाई भाषेत ‘खलोंग’ म्हणतात. त्यातला माझा सगळ्यात आवडता सेन सेप. 1837 मध्ये, तिसऱ्या रामाच्या काळात, कंबोडियाच्या दिशेने सैन्य आणि रसद न्यायला तो खणायला घेतला. आता त्यातून ऑफिसला जाणारी माणसं आणि शाळेतली मुलं प्रवास करतात. बोट धक्क्याला जेमतेम टेकते. दोर धरायचा आणि पटकन आत उतरायचं. पाणी उडू नये म्हणून बाजूला निळी ताडपत्री असते, तिची दोरी शेजारच्या प्रवाशांनीच ओढायची, तीही आपणहून. हेल्मेट घातलेले कंडक्टर बोटीच्या बाहेरच्या अरुंद कडेवरून चालत तिकिटं फाडतात, आणि बुटका पूल आला की अख्खं छप्पर खाली येतं. पाणी काळं आहे, वासही येतो, हे खरं. पण या शहराची मागची दारं इथूनच दिसतात: वाळत घातलेले कपडे, कुंड्या, कठड्यावर बसून गप्पा मारणाऱ्या बायका.

हुआ चांग धक्क्याला उतरलात तर जिम थॉम्पसनचं सागवानी घर जवळच आहे. थाई रेशीम जगभर नेणारा हा अमेरिकन माणूस 1967 मध्ये मलेशियाच्या कॅमेरॉन हायलंड्समध्ये फिरायला म्हणून गेला, तो परत आलाच नाही. घर सुंदर आहेच, पण मला समोरच्या काठावरची बान ख्रुआ वस्ती जास्त भावली. त्याच्यासाठी रेशीम विणणारे चाम मुस्लिम विणकर इथले.

शेवटचा धक्का फान फा. तिथून ‘वाट साकेत’चा सोनेरी डोंगर पायी गाठता येतो (थाई भाषेत ‘वाट’ म्हणजे मंदिर). बँकॉकची जमीन मऊ, दलदलीची. तिसऱ्या रामाने इथे प्रचंड स्तूप बांधायला घेतला तो वजनानेच खचला. त्या ढिगाऱ्यावर झाडंझुडपं माजली, आणि पुढच्या राजांनी त्याच्या माथ्यावर लहानसा स्तूप उभारला. वर जायला तीनशेच्या वर पायऱ्या आहेत, पण चढ सौम्य आहे आणि वाटेत घंटा टांगलेल्या आहेत. माझी आई गुडघे धरत का होईना, पण वर आली.

त्याच कालव्यावरच्या प्रातुनाम धक्क्यावरून राचाप्रासोंग चौक जवळ पडतो. इथे मॉलच्या गर्दीत एरावन देवस्थान आहे, 1956 मध्ये स्थापलेल्या चार मुखांच्या ब्रह्मदेवाचं. आपल्याकडे ब्रह्मदेवाची देवळं शोधावी लागतात, आणि इथे त्याच्यापुढे उदबत्त्यांचा धूर सतत दाटलेला असतो. नवस पुरा झाला की लोक पैसे देऊन देवापुढे नर्तकींचं नृत्य करवून घेतात. आई हात जोडून बराच वेळ उभी राहिली. त्याच चौकाच्या आसपास गणपती, लक्ष्मी, इंद्र आणि गरुडावर बसलेला नारायणही आहे.

आता मोठ्या नदीकडे. साथोर्न धक्क्यावर नारिंगी झेंड्याची बोट घ्या, ती स्वस्त आहे आणि कामाच्या बहुतेक सगळ्या धक्क्यांवर थांबते. बोटीत भिक्खूंसाठी जागा राखलेली असते. बायकांनी त्यांच्या शेजारी बसू नये, हा तिथला रिवाज पाळावा. बोटीच्या पुढच्या टोकाला फुलांच्या माळा आणि रंगीत कापडं बांधलेली दिसतील, ती बोटीत वास करणाऱ्या देवीसाठी.

‘ता चांग’ धक्क्याला उतरलं की राजवाडा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. दारापाशी कोणी ‘आज बंद आहे, दुसरीकडे नेतो’ म्हणाला तर सरळ पुढे चालत राहा. आत सगळे पाचूच्या बुद्धाकडे धावतात, पण वेळ ठेवा तो भोवतीच्या ओवऱ्यांसाठी. तिथे रामकियेन, म्हणजे थाई रामकथा, 178 चित्रांत रंगवली आहे. यातला शुभ्र हनुमान ब्रह्मचारी नाही, चक्क प्रेमात पडतो. आईला हे अजिबात पटलं नाही, आणि आमची चर्चा पुढचे कितीतरी खांब चालली.

वाट फो शेजारच्याच धक्क्यावर, ‘ता तिएन’ला. पहुडलेला बुद्ध 46 मीटर लांब आहे आणि त्याच्या तळव्यांवर शिंपल्यांच्या चकाकीत मंगलचिन्हं जडवली आहेत. मागे ओळीने मांडलेल्या 108 कांस्यपात्रांत नाणी टाकत गेलं की खणखणाट ऐकत राहावंसं वाटतं. पण या मंदिराचं खरं मोल त्याच्या शिलालेखांत आहे. तिसऱ्या रामाने वैद्यक, मालिश, काव्य असं सगळं ज्ञान दगडावर कोरवून लोकांसाठी खुलं केलं. अंगणात व्यायाम करणाऱ्या ऋषींच्या मूर्ती आहेत. त्या पाहून मगच तिथली मालिश घ्या. तिथूनच होडीने पलीकडे वाट अरुण. चिनी मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांतून केलेली त्याची फुलं अगदी जवळ जाऊन बघण्यासारखी आहेत.

संध्याकाळी राचावोंग धक्क्यावरून यावारात, म्हणजे चायनाटाउन. शाकाहारींना इथे खूण हवी: पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत ‘जे’. यात मांस, मासे, अंडी, दूध तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. बाकी ठिकाणी ‘नुसत्या भाज्या’ सांगितलं तरी माशाचा सॉस पडतोच. नारळाच्या दुधातला चिकट भात आणि आंबा मात्र निर्धास्त खा.

आणि रात्री जेवण झालं की झोपू नका, पाक खलोंग तालातला जा. हा फुलबाजार चोवीस तास चालतो, पण रंगतो तो मध्यरात्रीनंतर. पहाटेच्या दादर फुलबाजारासारखीच ओली जमीन आणि तीच वाट काढत धावणारी ओझी. झेंडूचे ढीग तर हुबेहूब आपले. बर्फावर गुलाब, बादल्यांत ऑर्किड, जुड्यांनी बांधलेले कमळांचे कळे. लांब सुईवर मोगऱ्याचे कळे ओवून ‘फुआंग मालाई’ नावाचे हार गुंफले जातात, टॅक्सीच्या आरशाला आणि बुद्धापुढे दिसतात तेच. एका बाईंनी आईला कमळाची पाकळी आत दुमडायला शिकवलं. एकमेकींची भाषा दोघींना येत नव्हती. आईने पूर्ण कळा दुमडला तेव्हा बाईंनी तो तपासला, एक पाकळी सारखी केली आणि पैसे घ्यायला नकार दिला. मी खूप शहरं हिंडले आहे, पण तिला इतकी खुलताना क्वचितच पाहिलं.

एखादा दिवस हाताशी असेल तर थोनबुरीच्या कालव्यांत लांब शेपटीच्या बोटीने फिरा. गाडीचं इंजिन आणि त्याला जोडलेला लांबलचक दांडा, अशी ही बोट असते, आणि आवाज कानठळ्या बसवणारा. वाट पाक नामचा 69 मीटर उंच बुद्ध घरांच्या छपरांवरून डोकावतो. भाडं आणि कुठे कुठे थांबायचं, हे दोन्ही बोटीत पाय ठेवण्याआधीच ठरवून घ्या.