वाजवणाऱ्यांचे पाय

गवयाचा चेहरा बघावा, तबलजीची बोटं बघावीत, अशी रीत आहे. माझी नजर मात्र पायांवर जाते. मैफलीत तंबोऱ्यावर बसलेल्या मुलीच्या पायाला मुंग्या आल्यात हे गवयाच्या आधी मला कळतं. बायको म्हणते, "एवढी महागाची तिकिटं काढून तुम्ही माणसांची पावलं बघायला येता होय?" बहुतेक तसंच असावं.

ही खोड सांगलीची. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी जिथे मराठी नाटक उभं केलं, त्या गावात नाटकवेडा नसलेला मामा मिळणंच कठीण. आमचा मामा संगीत नाटकाला न्यायचा आणि ओळखीच्या जोरावर अगदी पुढे बसवायचा. पुढे बसलं की नाटक कमी दिसतं. नायिका कमरेपासून वर दिसते, आणि नाकासमोर असतो ऑर्गन. माझ्या उंचीला तर त्याच्या पट्ट्याही दिसत नसत. दिसायची ती दोन पेडलं आणि त्यांवर खालीवर होत वाद्यात हवा भरणारे दोन पाय.

ऑर्गनवाले चपला काढून ठेवत. उजव्या अंगठ्याला कायम कसली तरी चिंधी बांधलेली. नांदीला पाय संथ चालायचे. पद रंगात आलं, गाणाऱ्याने वरचा षड्ज धरून ठेवला की पाय असे पळायला लागायचे की वर बसलेल्या माणसाचं त्यांच्याशी काही नातं असेल असं वाटू नये. कारण वर ते ढिम्म. चेहरा दिसत नव्हता, पण पाठ हलत नव्हती एवढं नक्की. मग 'वन्स मोअर' यायचा. नट घाम पुसायचा, विंगेत जाऊन घोटभर पाणी पिऊन यायचा. पायांना तेवढीही सवड नाही, सूर चालूच ठेवायचा. टाळी नटाला आणि दामदुप्पट चाल पायांना, हा हिशेब मला तेव्हाही पटला नव्हता.

मामाला मात्र या पायांचं विशेष नव्हतं. तो डोळे मिटून बसायचा आणि घरी येताना गंधर्व नाटक मंडळीच्या साथीदारांची नावं स्तोत्रासारखी म्हणायचा: ऑर्गनला हरिभाऊ देशपांडे, सारंगीला कादरबक्ष, तबल्याला थिरकवाँ. यांना न ऐकलेल्या माणसाला संगीत कळणं शक्य नाही असं तो मला, म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या पोराला, ठणकावून सांगायचा. मी मान डोलवायचो आणि चिंधीचा विचार करायचो.

हे सगळं लंडनमध्ये आठवेल असं काही वाटलं नव्हतं. मुलगी तिकडे पश्चिम भागात राहते. पावसाळी दुपार होती, घरात बसून कंटाळा आलेला. ती म्हणाली, "बाबा, ब्रेंटफर्डला एक वाद्यांचं म्युझियम आहे, आज तिथे ऑर्गनचा कार्यक्रम आहे, चला." ऑर्गन म्हटल्यावर मी बूट चढवले.

हे म्युझिकल म्युझियम फ्रँक हॉलंड नावाच्या गृहस्थाने 1963 मध्ये तिथल्याच एका जुन्या चर्चमध्ये सुरू केलं. आताची इमारत 2007 पासूनची. आत शिरल्यावर मी जरा हिरमुसलो. तिथला मुख्य खजिना म्हणजे स्वतःहून वाजणारी वाद्यं. भोकं पाडलेली कागदाची गुंडाळी फिरते, पियानोच्या पट्ट्या आपोआप दबतात, समोर स्टूल रिकामं. अप्रतिम कारागिरी, वाद नाही. पण पायच नाहीत तिथे माझं काय काम?

मग सभागृहात बसलो. दिवे मंदावले, सूर आधी आला आणि वाद्य मागून. म्हणजे खरोखरच जमिनीतून वर आलं, लिफ्टवर बसून. पहिल्यांदा ऑर्गनचा माथा, मग वाजवणाऱ्याचं डोकं, मग पाठ, मग बाक. पाय सगळ्यात शेवटी. तोवर मी इतका पुढे झुकलो होतो की मुलीने बाही ओढली.

काळे, पातळ तळाचे, चकचकीत बूट. डावा पाय जमिनीलगतच्या लांब लाकडी पट्ट्यांवर खर्ज वाजवत होता, उजवा एका पेडलवर जवळजवळ मुक्काम ठोकून होता. हे पाय हवा भरत नव्हते. हवा देणारा विजेचा पंखा कुठेतरी आत, नजरेआड. आमच्या सांगलीच्या पायांनी आयुष्यभर ज्याचं ओझं वाहिलं ते काम इथे मोटर करते आणि पाय मोकळे होऊन चक्क गातात! मला आनंद व्हायला हवा होता. थोडा रागच आला.

उजवा पाय काय करतो ते मुलीने फलकावर वाचून सांगितलं. या ऑर्गनचा सूर नळ्यांतून येतो, आणि नळीतून येणारा सूर कमीजास्त करता येत नाही. फुंकर बदलली तर स्वरच हलतो. म्हणून सगळ्या नळ्या बंद खोल्यांत ठेवायच्या आणि त्या खोल्यांना उभ्या झडपा लावायच्या. उजवा पाय झडपा उघडतो, आवाज बाहेर येतो. मिटतो, आवाज आत जातो. त्याच खोल्यांत खरे ढोल, झांजा, घंटा, घोड्याच्या टापा, पाखरांच्या शिट्ट्या. मूकपटाच्या काळात वाद्यवृंदाचे पगार परवडेनात, म्हणून अख्खा वाद्यवृंद एका माणसाच्या हातापायांखाली आणलेला. आपल्याकडे मूकपटापुढे पेटी-तबला बसायचा. तेही स्वस्तच, पण निदान दोघांची सोय व्हायची.

या वाद्याच्या मुळाशी रॉबर्ट होप-जोन्स नावाचा इंग्रज. जन्म 1859, पोटापाण्याला टेलिफोन कंपनीत विजेचा इंजिनिअर. पट्टीपासून नळीपर्यंत पूर्वी लाकडी कांड्यांची साखळी असे. त्या जागी विजेची तार आणायला जे झटले त्यांतला हा मोठा. तार आली म्हणून वाजवणारा नळ्यांपासून सुटला, आणि सुटला म्हणून लिफ्टवर चढला. त्याच्याच एका नळीच्या कल्पनेतून पुढे धुक्यात जहाजांना इशारा देणारे भोंगे निघाले. 1903 मध्ये हा अमेरिकेला गेला, तिथे कारखाना काढला, तो चालला नाही, 1910 मध्ये वुर्लिट्झर कंपनीने तो घेतला. 1914 मध्ये त्याने जीव दिला. अमेरिकेतली चित्रपटगृहं या ऑर्गनांनी भरून गेली ती त्यानंतर.

वाद्याच्या आवाजाबद्दल खरं सांगायचं तर सुरुवातीला मी अस्वस्थच होतो. सूर सारखा थरथरतो. ती थरथर मुद्दाम, वाऱ्याला हिसके देऊन आणलेली. पाकात पडलेल्या जिलबीसारखं सगळं ओथंबलेलं. स्थिर सूर लागला की डोळे मिटणारी आमची जात, आम्हाला हे झेपत नाही. मामा असता तर उठून गेला असता. पण पुढच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्या शब्द गुणगुणायला लागल्या, एकीने दुसरीच्या मनगटावर ताल धरला, आणि मी माझे कान थोडे सैल सोडले.

मला खरी मौज वाटली ती साल वाचून. हा ऑर्गन किंग्स्टनच्या रीगल चित्रपटगृहातला, 1932 चा. म्हणजे बोलपट येऊन स्थिरावल्यावरचा! त्या वर्षी आपल्याकडे प्रभातचा 'अयोध्येचा राजा' बोलू-गाऊ लागला होता. मग पडदा स्वतः बोलत असताना ऑर्गन कशाला? तर खेळांच्या मधल्या वेळासाठी. इंग्लंडात या वाद्याची खरी चलती याच दशकातली. एक चित्रपट संपून दुसरा सुरू होईतो लोकांना गाणी ऐकवायची, गायला लावायचं. शेकडो नळ्या, मोटर, लिफ्ट, सगळा सरंजाम मध्यंतराकरता. आमच्या सांगलीत मध्यंतराला पडद्यावर कापडदुकानाची स्लाइड लागायची, तीही अर्ध्या वेळा उलटी, आणि बाहेर वडे. वड्यांना नावं ठेवणार नाही. पण मध्यंतराला इतका मान देणाऱ्या लोकांबद्दल मला एकदम आपुलकी वाटली. पुढे त्या रीगलचा बिंगो हॉल झाला हे वाचून ती किंचित कमी झाली.

गंमत म्हणजे या कार्यक्रमालाही मध्यंतर होतं आणि त्यात काहीच वाजत नव्हतं. सगळे चहाच्या रांगेत. माझ्या पुढे जाड तळाचे, चिखल लागलेले स्पोर्ट्स शूज घातलेला एक गृहस्थ होता. त्याने चहात दोन चमचे साखर घातली, मला दुधाचा जग दिला, पावसाबद्दल काहीतरी बोलला, मीही इंग्रजीत पावसाला यथाशक्ती शिव्या घातल्या. तो गेल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, त्यांना काही विचारायचं नाही का? सांगलीचं सांगायचं ना!"

"कोणाला?"

"अहो, तेच तर वाजवत होते."

असतील. वाजवायचे बूट ही मंडळी बाहेर घालत नाहीत म्हणे, तळाला खडा लागून चालत नाही. आणि चेहरा मी कुठे बघितला होता?