ठेवली तेव्हा चालू होती

उभ्या गाडीच्या मालकाला काहीही विचारा, उत्तर ठरलेलं. "अहो, ठेवली तेव्हा चालू होती!" यात खोटं काही नसतं. ठेवली तेव्हा गाडी चालूच असते. बंद पडते ती नंतर, कोणाचं लक्ष नसताना, आणि इतकी सावकाश की मालकाला शेवटपर्यंत पत्ता लागत नाही.

आमच्या मामाची जीप या जातीतली. महिंद्राची एमएम ५४०, १९९६ची, चारही चाकांना जोर मिळणारी. मुरबाडजवळ मामाचं शेत आहे, तिथे जायला घेतलेली. पुढे शेतापर्यंत डांबर आलं, मामाचे गुडघे गेले, मामीने छोटी गाडी घ्यायला लावली आणि जीप आमच्या मुलुंडच्या सोसायटीत कंपाउंडच्या भिंतीला टेकली. अधूनमधून कोणाचा तरी उत्साह उतू जायचा, दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून ती सुरू व्हायची, पाच मिनिटं धूर काढायची आणि परत गप्प. मामाच्या हिशेबी म्हणजे ती "वापरात" होती.

मग सोसायटीच्या सभेच्या विषयपत्रिकेवर "आवारातील भंगार वाहने" असा विषय आला. मामा भडकले, बोलले आणि सभा संपल्यावर मला म्हणाले, "तू बघ रे जरा. साठ हजाराच्या वर मात्र एक रुपया नाही." भाचा होण्याचे जे काही तोटे आहेत, त्यात हा मोडतो.

गाडी चालवून झिजते हे कोणालाही पटतं. उभी राहून झिजते हे पटवायला मात्र झाकण उघडून दाखवावं लागतं. त्यात आपली हवा खारी आणि दमट, चार महिने पाऊस. लोखंड गंजतं, पण त्याला वेळ लागतो आणि खरवडून, रेड ऑक्साइड मारून ते बरंचसं सावरतंही. रबराचं तसं नाही. ब्रेकच्या होज, व्हील सिलेंडरमधले वायसर, डिझेलचे पाइप, रेडिएटरचे पाइप, फॅन बेल्ट, ऑइल सील, टायर. जीपमध्ये रबर किती असतं हे ती काही वर्षं उभी केल्याशिवाय कळत नाही. आणि जे रबर हवेने सोडलं, ते उंदरांनी घेतलं. हेडलाइटच्या वायरिंगचा एक अख्खा तुकडा त्यांनी इतका सफाईने नेला होता, की आधी वाटलं चोरी झाली.

आमचं नशीब एवढंच, की गाडी ही होती. स्वातंत्र्यानंतर दोनेक वर्षांत अमेरिकेच्या विलिस कंपनीच्या जीपची जुळणी इथेच माझगावात सुरू झाली, पुढे कारखाना कांदिवलीला गेला, आणि ही जीप त्याच घराण्यातली. इंजिन प्यूजोचं डिझेल, एक्सडीपी ४.९०. चार सिलेंडर, प्रत्येकाचा बोअर, म्हणजे आतला व्यास, ९० मिलिमीटर, म्हणून ४.९०, एकूण २११२ सीसी. सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही, लॅपटॉप जोडायला जागाच नाही. पाना, हातोडी आणि कान एवढ्यावर काम भागतं. अशा गाड्या पोलिसांकडे, पाटबंधारे खात्याकडे, खेडोपाडी वडापला, कुठे कुठे होत्या. त्यामुळे सुटे भाग अजून मिळतात. नवं हवं तर ऑपेरा हाऊसची दुकानं, जुनं हवं तर कुर्ल्याचा सीएसटी रोड. दुर्मीळ परदेशी गाडी असती तर साठ हजारांत तिचा आरसा आला असता.

काम सुरू झालंय हे कळल्यावर सोसायटीत सल्ल्यांचा पाऊस पडला. मॅट ग्रीन रंग मार. वर एलईडीची पट्टी लाव. पुढे विंच हवीच. जाडजूड टायर घाल, "लूक" येतो. एकानेही ब्रेकचं नाव काढलं नाही. जुन्या गाडीवर खर्च करताना माणूस आधी जे दिसतं त्यावर करतो, आणि पैसे संपले की उरलेलं देवाच्या हवाली. भांडुपच्या मिस्त्रींची रीत उलटी. त्यांनी कागद घेतला आणि वरून खाली लिहिलं: ब्रेक, स्टिअरिंग, टायर, डिझेल लाइन, इंजिन, लाइट. त्याखाली आडवी रेघ मारली. "साहेब, रेघेखाली काय लिहायचं ते पैसे उरले तर बोलू." रंग रेघेखाली गेला. हूडची फाटकी ताडपत्री रेघेखाली. मागच्या गाद्या, रेडिओ, दाराचे पत्रे, सगळं खाली. माझ्या मते बजेट म्हणजे ही रेघच. वरचं तर काय, कोणीही लिहील.

गॅरेजपर्यंत जीप टो करून न्यावी लागली. नोंदणीची मुदत संपलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, आणि ब्रेक नसलेली तर चालवूच नये. टोचे पैसे मामांना मान्य नव्हते. "ढकलत नेली असती," म्हणाले. गुडघे कोणाचे, ते त्यांनी सांगितलं नाही.

चारही चाकांना ड्रम ब्रेक. पहिला ड्रम निघता निघेना. मिस्त्रींनी कडेने गोल फिरत हातोडीने ठोकला, ठोकला, शेवटी तो एकदम सुटून मांडीवर आला. आत व्हील सिलेंडर, पेडल दाबलं की ब्रेक ढकलणारा. रबरी बूट सरकवल्यावर तपकिरी, करपलेल्या गुळासारखं काहीतरी चिकट बाहेर आलं. ते म्हणजे ब्रेक ऑइल. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, हा त्याचा स्वभावच. त्या पाण्याने सिलेंडर आतून गंजतो, पिस्टन अडकतो. आमच्या चारपैकी दोन सिलेंडर घासून आणि नवे वायसर घालून चालले असते, दोन फेकायचेच होते. मिस्त्रींनी चारही नवे घ्यायला लावले. तिथे मी घासाघीस केली नाही. होज त्यांनी हातात घेऊन नुसती वाकवली, तर वरचं रबर कडेकडेने उललं. बाहेरून ती चांगली काळीभोर दिसत होती. ड्रम मात्र जुनेच राहिले. लेथवर एक हात फिरवून घेतला.

मग एअर काढणं, म्हणजे ब्रेकच्या पाइपांत अडकलेली हवा. हे दोन माणसांचं काम आणि मिस्त्रींचा पोरगा त्या दिवशी गावाला गेलेला, म्हणून माझ्या मुलीला सीटवर बसवलं. सुरुवात पेडलजवळच्या मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकाने, म्हणजे मागच्या डाव्याने. चाकामागच्या निपलला (हवा सोडायच्या स्क्रूला) पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं.

"मार… मार… मार. धर!"

"धरलं काका."

निपल अर्धा आटा सैल, नळीतून बुडबुडे, निपल बंद. "सोड. परत मार."

बुडबुडे मोठे होते ते बारीक झाले, मग विरळ, मग नुसतं स्वच्छ ऑइल. तेवढ्यात मुलीने सोड म्हणायच्या आधीच पाय उचलला, आणि मिस्त्रींनी शांतपणे पहिल्यापासून सुरू केलं. चौथ्या चाकापर्यंत पेडल पायाखाली कडक लागायला लागलं. मुलगी म्हणाली, जिमला पैसे भरायची गरज नाही.

डिझेलची टाकी खाली उतरवून उलटी केली. अर्धवट भरलेल्या टाकीत हवेतली वाफ थंड होऊन पाणी साचतं, पाणी जड म्हणून तळाला बसतं, आणि पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे चक्क जिवाणू वाढतात. त्यांचा काळसर गाळ फिल्टर तुंबवतो. टाकी ठेवताना काठोकाठ भरून ठेवली असती तर हे बरंच टळलं असतं, पण ठेवताना कोणालाच वाटत नाही की आपण ठेवतोय. वाटतं, पुढच्या रविवारी काढू.

इंजिनाला थेट सेल्फ मारायचा नाही, हे मिस्त्रींनी दोनदा बजावलं. इंजेक्टर काढले, सिलेंडरमध्ये थोडं थोडं ऑइल सोडून रात्रभर मुरू दिलं, आणि सकाळी हाताने फिरवून बघितलं. फिरलं. तो क्षण महत्त्वाचा होता. अडकलं असतं तर साठ हजार तिथेच संपले असते आणि सोसायटीचा ठराव मंजूर. मग ऑइल आणि फिल्टर बदलले, डिझेल तोडणारा स्टॉप ओढून धरून सेल्फ मारला, म्हणजे इंजिन सुरू न होता नुसतं फिरतं आणि ऑइल वरपर्यंत पोचतं. हातपंपाने डिझेल लाइनची हवा काढली. सिलेंडर तापवणारा हीटर दिला. चौथ्या प्रयत्नाला की पाचव्या, एक सिलेंडर लागला, मग दुसरा, आणि गॅरेजसमोरचा वडापाववाला धुरात दिसेनासा झाला. पांढरा धूर हळूहळू विरळ झाला. मिस्त्री खूश होऊन म्हणाले, "कंप्रेशन आहे." यापेक्षा जास्त कौतुक ते करत नाहीत.

टायरवरून मात्र मामांशी भांडण झालं. "नवेच तर आहेत! नक्षी बघ." नक्षी खरंच शाबूत होती, चाललेच कुठे होते ते. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्यावर होतं ३४०९, म्हणजे २००९चा चौतिसावा आठवडा. त्या आकड्याच्या शेजारीच नख जाईल एवढ्या भेगा. पाच टायर, ६.००-१६, साधे, अरुंद, कंपनीतून यायचे त्याच मापाचे. जाडजूड टायरने लूक येतो, पण स्टिअरिंग जड होतं, आणि या जीपला पॉवर स्टिअरिंग नाही. बजेटचा सगळ्यात मोठा घास टायरांनीच घेतला.

कुर्ल्याहून जुनं काय आणावं याचा माझा नियम सोपा: जे तुटलं तर फक्त चिडचिड होईल, ते जुनं चालतं. हेडलाइटची कडी, वायपरची मोटर, ड्रायव्हरची सीट, दाराचे कडीकोयंडे. जे तुटलं तर दवाखाना, ते नवं आणि ओरिजिनल.

मग वडाळा आरटीओ. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. मामांनी २०२१ साली ते टाळलं, "वापरत नाही तर कशाला." तेव्हा फी ६०० रुपये होती. १ एप्रिल २०२२पासून ५,००० झाली आणि २०२५ साली २० वर्षांवरच्या गाड्यांना १०,०००. शिवाय पर्यावरण कर, विमा, पीयूसी, नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट. मी हे मामांना एका कागदावर लिहून दिलं, तोंडी सांगितलं नाही. कागद बराच वेळ त्यांच्या हातात होता.

चारचाकी ड्राइव्ह तपासायला मुरबाडला शेतावर गेलो, कारण डांबरावर ते करू नये. पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरन्शिअल या जीपला नाही. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, मातीत ती घसरून जुळवून घेतात, कोरड्या डांबरावर मात्र सगळा ताण गिअरवर येतो. पुढची चाकं ड्राइव्हला जोडणारे हब लॉक फिरवायला गेलो तर एक फिरेचना. बांधावर बसून तो उघडला. आतलं ग्रीस सुकून दगड झालं होतं. डिझेलमध्ये धुतला, नवं ग्रीस भरलं, टक्कन बसला. खर्च शून्य, अंगठ्याचं साल गेलं ते वेगळं. चिखलातून जीप गुरगुरत वर चढली तेव्हा मामा शेजारी बसले होते. उतारावर मी ब्रेक दाबला आणि ते पुढे हिंदकळले. "फार कडक केलेस रे ब्रेक," म्हणाले. "पूर्वी एवढे लागत नव्हते."

आता रविवारी सकाळी ती पूर्व द्रुतगती मार्गाने घाटकोपरपर्यंत जाऊन येते. जागेवर पाच मिनिटं सुरू करून ठेवण्यात अर्थ नाही. इंजिन पुरतं तापत नाही, वाफेचं पाणी ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये राहतं, आणि सेल्फने खाल्लेली बॅटरीही भरून निघत नाही. हिशेब साठच्या थोडा वर गेला. वरचे पैसे मामींनी दिले आणि मामांना सांगू नको म्हणाल्या. रेघेखालचं सगळं अजून रेघेखालीच आहे. रंगाचे पोपडे तसेच, हूडची ताडपत्री तर आता काढूनच टाकली.

भंगार वाहनांचा विषय मांडणारे सेक्रेटरी परवा जिन्यात भेटले. गणपतीची मूर्ती आणायला जीप मिळेल का, विचारत होते. मी म्हटलं, वर हूड नाहीये, पाऊस आला तर? "नाही तेच बरं," ते म्हणाले, "यंदा मूर्ती साडेपाच फुटी आहे. प्लास्टिक आम्ही आणू."