त्याचे बदललेले हसणे

आज दुपारी धाकट्याचे फोनवरचे हसणे कानावर पडले आणि हातातले काम तसेच राहिले. एरवी तो मान मागे टाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतो. मध्येच त्याचा श्वास अडकतो आणि टाळी वाजते. आजचे हसणे ओठ मिटून नाकातून सोडलेले, लगेच आवरते घेतलेले होते. कॉलेजातली ती नवी मुले अगदी असेच हसतात.

एवढ्याशा गोष्टीचे मला इतके का लागावे? त्याची भाषा बदलली तेव्हा काही वाटले नाही, कपडे बदलले तेव्हा तर कौतुकच वाटले. पण हसणे तरी ज्याचे त्याचे असते, असे मी धरून चालले होते. ज्या घरात तो पोटभर हसायला शिकला, ते घर त्याला आता तोकडे वाटू लागले असेल काय, हा विचार दिवसभर पाठ सोडत नव्हता. त्याला तिथवर पोचवण्यासाठी आम्ही दोघांनी जे केले... ते लिहायला नको.

पिएर बूर्द्यू (१९३०–२००२) हा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ खेड्यातल्या एका टपाल कर्मचाऱ्याचा मुलगा. वर्ग हा केवळ पैशात नसतो. चालणे, बोलण्याचा हेल, आवडीनिवडी यांतून तो लहानपणीच अंगात असा मुरतो की माणसाला तो आपला स्वभावच वाटू लागतो, असे त्याने मांडले. म्हणजे त्या मुलांनाही तसे हसायला कुणी मुद्दाम शिकवले नसणार. त्यांच्या घरी सगळे तसेच हसत असतील. फरक इतकाच, की त्यांना ते आयते मिळाले आणि माझ्या मुलाला ते कमवावे लागते आहे. हेच मला सलते.

हेन्री ताजफेल या सामाजिक मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या सुमारास इंग्लंडमध्ये चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांवर केलेला प्रयोगही राहून राहून आठवतो. अमक्या चित्रकाराची चित्रे आवडणारे आणि तमक्याची आवडणारे, एवढ्याच निमित्ताने मुलांचे दोन गट केले होते. प्रत्यक्षात ती वाटणी निव्वळ योगायोगाची होती. आपल्या गटात कोण आहे हे कुणालाच माहीत नव्हते, स्वतःच्या पदरातही काही पडणार नव्हते. तरी पैसे वाटताना मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले, आणि पुष्कळदा दुसऱ्या गटापेक्षा आपले वरचढ राहावे म्हणून आपल्याच गटाचा थोडा तोटाही पत्करला. इतक्या क्षुल्लक निमित्ताने जर ‘आपण’ आणि ‘ते’ उभे राहतात, तर रोज ज्यांच्या बाकावर बसायचे त्यांच्यात सामावून जाण्याची ओढ या वयात किती जबर असेल! तिला दुरावा म्हणणे हा त्याच्यावर अन्याय होईल.

वरिष्ठांचा फोन आला की माझाही आवाज बदलतो. लहानपणी त्यानेच मला तो नक्कल करून दाखवला होता. त्यामुळे मी परकी झाले, असे त्याला कधी वाटले नसावे.

रात्री जेवताना, रविवारी ती मुले घरी येणार आहेत, असे त्याने आपणहून सांगितले. आजीशीही त्यांची ओळख करून देणार आहे म्हणाला, आणि खोली आवरायला मात्र माझी मदत लागेल म्हणाला. मी हो म्हटले.