स्नॅपशॉट आहे, पण रिस्टोअर होईल का?

आज अंधेरीच्या ऑफिसात दिवसभर एकच काम: एका पतपेढीच्या पोस्टग्रेस डेटाबेसच्या फाइल्सची फेरमांडणी. डेटा स्टोरेजच्या एका व्हॉल्यूमवर (स्वतंत्र भागावर), वॉल लॉग, म्हणजे प्रत्येक बदल डेटा फाइलमध्ये उतरण्याआधी जिथे लिहिला जातो ती नोंदवही, दुसऱ्यावर. इथवर ठीक. पण लॉगचा स्नॅपशॉट (त्या क्षणी टिपलेली प्रत) आधी आणि डेटाचा थोड्या वेळाने घेतला जात होता. म्हणजे मधल्या वेळात डेटा फाइलमध्ये उतरलेल्या नोंदींचा लॉग स्नॅपशॉटमध्ये नाहीच. लोकांच्या ठेवी आहेत हो त्यात!

पोस्टग्रेसला एकाच क्षणी टिपलेल्या फाइल्स दिल्या, की अचानक वीज गेल्यावर जसा सावरतो तसाच तो सावरतो; शेवटच्या चेकपॉइंटपासून, म्हणजे तोवरचे बदल डेटा फाइलमध्ये नक्की उतरलेत अशा खुणेपासून, लॉग वाचत पुढे येतो. म्हणून दोन्ही व्हॉल्यूम एकाच कन्सिस्टन्सी ग्रुपमध्ये घातले, म्हणजे दोघांचे स्नॅपशॉट एकाच क्षणी निघतात. स्टोरेजमध्ये ही सोय नसेल, तर ‘पीजी बॅकअप स्टार्ट’ आणि ‘स्टॉप’ या पोस्टग्रेसच्या आज्ञांच्या दरम्यान स्नॅपशॉट घ्यायचे आणि त्या काळातले सगळे लॉग जपायचे.

लॉगचं अर्काइव्ह आता पुण्याला जातं. २६ जुलै २००५ पाहिलेल्या शहरात एकमेव बॅकअप त्याच इमारतीत ठेवणं मला पटतच नाही. शिवाय त्याच स्टोरेजवरचा स्नॅपशॉट त्या स्टोरेजबरोबरच जातो.

संध्याकाळी टेस्ट मशीनवर रिस्टोअर केलं. स्क्रीनवर ‘रीडू स्टार्ट्स ॲट’ आलं, म्हणजे लॉगमधले बदल पुन्हा लागू व्हायला लागले, मग ‘रीडू डन’, आणि डेटाबेस उभा राहिला. तरी तेवढ्यावर विसंबले नाही. ठेवींची बेरीज खतावणीशी ताडून पाहिली, जुळली. आता वेगळ्या डिस्कवरची एक टेबलस्पेस (डेटाबेसच्या काही फाइल्स ठेवायची वेगळी जागा) ग्रुपमध्ये आणायची राहिली आहे, ती सोमवारी.