उम्माचा बांध

रविवार, रात्री साडेदहा

मेसोपोटेमियाचं पुस्तक आज संपलं. तीन आठवडे लागले. ड्युटीवरून आल्यावर पाच-दहा पानं, त्यापुढे डोळे मिटतात.

चार वर्षं मी इतिहासच वाचतोय. रोम, बायझंटियम, फ्रेंच राज्यक्रांती, दोन्ही महायुद्धं. वहीत सनावळ्या लिहून ठेवायची सवय लागलीय. 1453, कॉन्स्टँटिनोपल पडलं. 1789, बॅस्टिल. 1917, पेट्रोग्राड. कोण हरलं, गादी कुणाकडे गेली, हाच इतिहास असं डोक्यात पक्कं बसलं होतं. या पुस्तकातल्या एका भांडणानं ते हललं.

लगाश आणि उम्मा ही सुमेरमधली दोन शेजारी नगरं, आजच्या दक्षिण इराकमधली. मधे गुएदिन्ना नावाचा सुपीक पट्टा. किशचा राजा मेसिलिम यानं दोघांत हद्द घालून दिली आणि तिथे दगड रोवला. पुढे उम्माच्या राजानं तो दगड उखडला आणि लगाशच्या रानात घुसला. वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं. हे तर बांध कोरणं झालं! आमच्या भावकीत दोन घरं या एका कारणावरून लग्नकार्यालाही एकमेकांकडे जात नाहीत.

इसवी सनापूर्वी 2450 च्या सुमाराला लगाशच्या एआन्नातुमनं उम्माचा पराभव केला आणि विजयाचा शिलालेख कोरून घेतला. तो आज पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे, तुकड्या-तुकड्यांत. त्यावर गिधाडं माणसांची मुंडकी चोचीत धरून उडतायत. दुसऱ्या बाजूला लगाशच्या देवानं शत्रूची माणसं जाळ्यात पकडलेली, मासे पकडावेत तशी. त्या चित्राकडे मी बराच वेळ बघत बसलो. एवढं सगळं एका पट्ट्यासाठी आणि पाटाच्या पाण्यासाठी. भांडण तरीही मिटलं नाही. उम्मा वरच्या अंगाला, पाणी अडवायचं त्यांच्या हातात. पुढच्या पिढ्याही लढत राहिल्या.

खरी गोष्ट मात्र लढाईनंतर सुरू होते. 1958 साली थॉर्किल्ड जेकबसन आणि रॉबर्ट ॲडम्स या संशोधकांनी मांडलं, की उम्माच्या पाण्यावर अवलंबून राहायला नको म्हणून लगाशनं टायग्रिसवरून मोठा कालवा आणला. पाणी मुबलक झालं. ते जमिनीत मुरत गेलं, खालची पातळी वर आली, आणि पाण्याबरोबर मीठही वर आलं. मातीच्या भांड्यांवर उमटलेल्या दाण्यांच्या ठशांवरून आणि पाट्यांवरच्या धान्याच्या हिशेबांवरून त्यांनी दाखवलं, की आधी गहू आणि जव निम्मे-निम्मे पिकत होते. पुढे गव्हाचा वाटा घटत गेला, कारण गव्हाला मीठ सोसत नाही, जवाला थोडं सोसतं. इसवी सनापूर्वी 1700 च्या सुमाराला दक्षिणेत गहू जवळजवळ दिसेनासा झाला आणि जवाचा उतारही घसरला. सगळ्या अभ्यासकांना हे पटलेलं नाही. नदीनं पात्रं बदलली, सत्ता कोसळल्या, तीही कारणं होतीच. नुसत्या मिठानं सुमेर बुडाला असं मीही म्हणणार नाही. पण अक्कडी भाषेतल्या एका जुन्या काव्यात दुष्काळाचं वर्णन आहे, त्यात काळी शेतं पांढरी होतात आणि रानावर मीठ फुटतं. ज्यानं ते रचलं त्यानं असं रान डोळ्यांनी पाहिलेलं असणार.

मीही पाहिलंय. कृष्णाकाठच्या आमच्या रानातली नदीकडची तीस गुंठ्यांची पट्टी. आजोबांच्या वेळी तिथे हळद यायची. मग लिफ्टचं पाणी आलं, ऊस आला, उसावर ऊस, खोडव्यावर खोडवा. पाणी आलं की मोकळं सोडायचं, रात्रभर. आपली पाळी, वाया का घालवा? मी शाळेत असताना त्या पट्टीत ऊस पिवळा पडायला लागला. आता तिथे लव्हाळा आणि वेडी बाभळ. वाळवा, मिरज, पलूस, पलीकडे शिरोळ, कुठेही जा, अशा क्षारपड पट्ट्या दिसतात.

सकाळी आण्णांबरोबर गेलो होतो. उन्हात ती पट्टी पीठ सांडल्यासारखी दिसत होती. वरचा थर पायाखाली पापडासारखा मोडत होता, खाली ओल. आण्णांनी चिमूटभर माती उचलून जिभेवर ठेवली आणि थुंकले. दरवर्षी ते असंच करतात. यंदा तरी चव बदलली असेल, असं त्यांना वाटतं की काय, मी कधी विचारलं नाही.

बांधावर बसून मी त्यांना लगाशची गोष्ट सांगितली. दगड उखडल्याचं ऐकून हसले, "म्हंजे तवापासनं हाय म्हणा की हे." कालव्याचं आलं तेव्हा हसू गेलं. गप्प राहून ऐकत होते.

"मग काय केलं त्यांनी?"

"गहू सोडला. जव लावला."

"आन् जवबी यीना झाल्यावर?"

मी म्हणालो, हळूहळू दक्षिणेतली गावं ओस पडत गेली आणि वजन उत्तरेकडे, बाबिलोनकडे सरकलं. हे वाक्य मी पुस्तकात एका दमात वाचून पुढे गेलो होतो. त्यांच्यासमोर बोलताना मात्र ते घशात अडकलं.

आण्णा उठले, धोतर झटकलं. "खालनं पाईप घालून पानी काढत्यात म्हनं. शेजारच्यांनीबी घातली तरच उपेग. नायतर त्येंचं पानी आपल्यातच मुरायचं." शेजारचे म्हणजे ती भावकीच. दुसऱ्या बाजूच्या बांधाकडे त्यांनी एकदा बघितलं.

संध्याकाळी चहा घेऊन ते तिकडं गेले. अकरा वर्षांनी. अजून आलेले नाहीत. आई दार उघडं ठेवून बसलीय.